समन्स हातात द्यायचं असतं

या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या घरी आले आणि त्यांनी दाराची कडी वाजवली, तेव्हा मी सवयीनं आतल्या खोलीत जाऊन चूप बसलो. माझी बायको हसायला लागली. म्हणाली, सारा जन्म तुम्ही लोकांच्या कड्या वाजवल्या आणि लोक असेच आत लपून बसले, आता तुमची पाळी. संपादक तरुण आहेत. कचेरीच्या आठवणी लिहायला त्यांना एखादे रिटायर जज्ज हवे होते. जज्ज मिळाले नाहीत, वकिलांना वेळ नव्हता, तेव्हा कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. मी बेलिफ होतो. नागपूरच्या दिवाणी कचेरीत नोकरीला लागलो आणि तिथूनच पेन्शनीत निघालो, यापलीकडे माझ्या नोकरीचा इतिहास नाही.

ज्यांच्या दारी बेलिफ कधी आला नाही त्यांना तो काय करतो हे माहीत नसतं, आणि ज्यांच्या दारी आला ते त्याला विसरत नाहीत. पहिल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोणी कोणावर दावा लावला की ज्याच्यावर लावला त्याला कोर्ट कागद पाठवतं, की अमक्या तारखेला येऊन आपलं म्हणणं मांड, नाहीतर तुझ्या गैरहजेरीत निकाल होईल. हा कागद म्हणजे समन्स. तो त्या माणसाला शोधून द्यायचा, त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार घ्यायचे, आणि परत येऊन नाझरसाहेबांना, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरच्या अंमलदाराला, तसं लिहून द्यायचं. कोर्टानं कशाला मनाई केली तर त्या जागी जाऊन दवंडी द्यायची. कोणी शेत जिंकलं तर त्या शेतातलं ढेकूळ उचलून त्याच्या ओंजळीत ठेवायचं, म्हणजे ताबा दिला. जज्जसाहेब खुर्चीवर बसून निकाल देतात, पण तो निकाल गावात पोचतो तो आमच्या पायांनी. ही फुशारकी आहे हे मला कळतं. आमच्या पगारात फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती इथे मारून घेतो.

लोक समन्स चुकवायला काय काय करीत. काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागायतदारानं मला पाहून बायकोचं लुगडं गुंडाळलं आणि चुलीसमोर जाऊन बसला. मिशा दिसत होत्या. इतवारीतल्या एका पहिलवानानं समन्स हातात घेतलं, नीट घडी केली आणि माझ्या डोळ्यांदेखत चावून गिळून टाकलं. मी घाबरत परत आलो. नाझरसाहेब म्हणाले, लिहा, समन्स प्रतिवादीला पोचलं. यापेक्षा जास्त पोचणार कसं?

या नोकरीतली एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत टोचली. बेलिफाला गावात कोणी पाणी विचारत नसे. आज याला पाणी पाजलं तर उद्या हा आपल्याच दारी जप्ती घेऊन येईल, असा लोकांचा समज. वैशाखात कोस दोन कोस चालत जावं, गावात शिरावं, तर दारं लागायची. म्हणून प्रत्येक बेलिफाच्या पडशीत एक लोटा आणि सुताची लांब दोरी असायची. विहीर दिसली की आपलं आपण काढून प्यायचं. माझा लोटा पितळेचा होता आणि दोरी वडिलांनी वळलेली. आम्ही कोष्टी. वडिलांचा माग मिलच्या कापडानं बंद पाडला, तेव्हा मागाचं उरलेलं सूत त्यांनी माझ्या दोरीत घातलं.

मला काम शिकवलं काशीरामजींनी. कचेरीतले सगळ्यात जुने बेलिफ. डोक्याला गुलाबी पागोटं, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि रस्ते असे पाठ की डोळे बांधून रामटेकला गेले असते. स्वभावानं फार चांगला माणूस. वाटेत कोणी उपाशी दिसला तर आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर द्यायचे. ही भाकर मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांना वाईट माणूस समजू नये.

सिव्हिल लाइन्समध्ये पहिल्यांदा समन्स घेऊन मी त्यांच्याबरोबरच गेलो. एक बडा गोरा इंजिनीअर तिथे राहत असे. बंगल्यासमोर लांबच लांब हिरवळ, आणि व्हरांड्यात साहेब आरामखुर्चीवर. आम्ही पायरीशी वहाणा काढून उभे राहिलो. आतून खानसामा एक चांदीचं तबक घेऊन आला. काशीरामजींनी समन्स त्या तबकात ठेवलं, खानसाम्यानं ते साहेबासमोर धरलं, साहेबानं दोन बोटांनी उचललं, सही केली आणि सहीची प्रत परत तबकात टाकली. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर मी फणफणलो. आपला हात लागला तर काय साहेब मरतो का, असं काहीतरी बोललो.

काशीरामजी वहाणा घालत म्हणाले, "त्याचा रिवाज हाये तो. आपला नाई का?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच साधं वाटत होतं, आणि त्याचा अर्थ मला कळायला रामटेकच्या बाजूचं एक गाव पाहावं लागलं.

गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं नांदतात. रामटेकच्या गाडीतून उतरून धानाच्या बांध्यांमधून पायी जावं लागे. गावाबाहेर महारवाडा. आम्ही तेव्हा तसंच म्हणत असू. त्या वस्तीचं पाणी म्हणजे नाल्यातला झिरा, वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं भरायचा. उन्हाळ्यात तो आटला की बायका दूरच्या तळ्यावरून गढूळ पाणी आणत. गावाच्या मधोमध मात्र डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या पैशानं बांधलेली चांगली पक्की विहीर होती, आणि तिला महारवाड्यातल्या कोणी हात लावायचा नाही असा रिवाज.

त्या वस्तीतला उरकुडा हा गावचा कोतवाल. कोतवाल म्हणजे गावाचा सरकारी सांगकाम्या. साहेब आला की त्याचा बिस्तरा उचलायचा, जनावर मेलं की ओढायचं, डफडं वाजवून दवंडी द्यायची, आणि सरकारचा कोणताही कागद आला की तो मालगुजाराच्या घरी नेऊन पोचवायचा. मालगुजार म्हणजे गावाचा मालकच, सारा गोळा करणारा. उरकुड्याची बायको पारबती. एका उन्हाळ्यात तिच्या धाकट्या पोराला तळ्याच्या पाण्यानं हगवण लागली आणि ते गेलं. पोराचा तिसरा दिवस होऊ द्यायच्या आधीच ती घागर घेऊन भर दुपारी गावच्या विहिरीवर गेली, पाणी काढलं आणि घरी आली. नंतर वस्तीतल्या आणखी बायका गेल्या.

मालगुजारानं मारझोड केली नाही. तो शिकलेला होता. त्यानं आणखी चौघांना घेऊन नागपूरच्या कोर्टात दावा लावला, की ही विहीर पूर्वापार स्पृश्यांचीच आहे, हा अनादि काळापासूनचा रिवाज आहे, तेव्हा महारवाड्याला कायमची मनाई व्हावी. प्रतिवादी म्हणून वस्तीच्या वतीनं उरकुड्याचं नाव घातलं. कोर्टानं निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई दिली आणि समन्स काढलं. दोन्ही कागद घेऊन काशीरामजी गेले.

तिथे जे झालं ते मला पुढे उरकुड्याच्या तोंडून आणि कोर्टातही कळलं. काशीरामजींनी आधी मनाईची दवंडी देवविली. दवंडी देणार कोण? कोतवाल. म्हणजे उरकुड्यानंच डफडं गळ्यात घालून विहिरीवर उभं राहून ओरडून सांगितलं की महारवाड्यातल्या कोणी या विहिरीला हात लावू नये हो. पारबती दाराशी उभी राहून नवऱ्याचा आवाज ऐकत होती. मग काशीरामजींनी समन्स काढलं, जमिनीवर ठेवलं, वर एक खडा ठेवला, चार हात मागे सरले आणि म्हणाले, उचल. उरकुड्यानं उचललं, अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मालगुजाराच्या दोन माणसांनी सह्या केल्या.

आणि उरकुड्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. सरकारचा कागद आला, तो त्यानं डोक्याला लावला आणि नेऊन मालगुजाराच्या घरी पोचवला. ज्यानं दावा लावला त्यालाच. आपल्या नावाचा कागद असतो, तो आपल्याजवळ ठेवायचा असतो, कोर्टाच्या हुकमाला उत्तर देता येतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दवंडी झाली म्हणजे सरकारचं ठरलं, असं तो समजला. मालगुजारानं कागद कोनाड्यात ठेवून दिला. तारखेला प्रतिवादी गैरहजर. एकतर्फी निकाल होऊन कायमची मनाई झाली.

त्याचं पुढे काहीच झालं नसतं. पण पारबतीचा भाऊ नागपुरात मिलमध्ये होता. त्यानं उरकुड्याला धरून धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांकडे नेलं. वकीलसाहेब नवे होते, अशिलाची वाट पाहून कंटाळलेले. त्यांनी कागद वाचून विचारलं की समन्स मिळालं तेव्हा तू का आला नाहीस. उरकुडा म्हणाला, कोणतं समन्स? मला तर एक मालगुजाराचा कागद दिला होता.

वकीलसाहेबांनी अर्ज केला की हा निकाल रद्द करा, समन्स पोचलंच नाही. खालच्या कोर्टानं नाकारलं, कारण काशीरामजींनी लिहिलं होतं की समन्स दिलं. मग ते वर गेले. नागपुरात तेव्हा हायकोर्ट नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट हेच आमच्यासाठी सगळ्यात वरचं. तिथे काशीरामजींना बोलावणं आलं, आणि त्यांच्या सोबतीला मी गेलो.

जज्ज गोरे होते, म्हातारे, ऐकायला जरा कमी. त्यांनी काशीरामजींना विचारलं की समन्स कसं दिलं ते करून दाखवा. काशीरामजींना वाटलं आपलं काम साहेबांना दाखवायची संधी आली. त्यांनी कागद घेतला, दारापाशी उभ्या उरकुड्यासमोर फरशीवर ठेवला, खिशातून किल्ली काढून वर ठेवली, मागे सरले आणि म्हणाले, उचल. कोर्टात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. सगळ्यांनी हेच पाहिलेलं होतं. मग जज्जसाहेबांनी विचारलं, आता हाच कागद मला कसा द्याल? काशीरामजींनी कागद उचलला, कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी, वाकून, साहेबांच्या हातात दिला.

जज्जसाहेबांनी तो कागद समोर ठेवून घेतला. मग त्यांनी दुभाष्यामार्फत काशीरामजींना सांगितलं, की कायद्यात समन्स देण्याची रीत एकच लिहिली आहे, आणि ती तुम्ही मला दाखवलेली दुसरी.

निकाल दोन पानांचा होता. नाझरसाहेबांनी आम्हा सगळ्या बेलिफांना उभं करून त्याचा मतलब सांगितला. समन्स देणं म्हणजे माणसाच्या हातात देणं, आणि ते कशाचं आहे हे त्याला समजावणं. जमिनीवर ठेवलेलं समन्स पोचलं असं धरता येणार नाही, मग प्रतिवादी कोणत्याही जातीचा, कोणत्याही वर्णाचा असो. उरकुड्याचा एकतर्फी निकाल रद्द झाला. तात्पुरती मनाई तशीच राहिली, पण दावा नव्यानं चालणार होता आणि समन्स नव्यानं बजावायचं होतं.

मोठे निकाल मोठ्या गोष्टींवर होतात असं मला वाटायचं. हा झाला एका खड्याखाली ठेवलेल्या कागदावर. कचेरीत मात्र हलकल्लोळ उठला. काशीरामजी नाझरसाहेबांना म्हणाले, "साहेब, मले मालखान्यात बसवा. म्हातारपणी हात बाटवत फिरनं माह्यानं होनार नाई." त्यांना मालखान्यात बसवलं. तिथे जप्तीच्या घागरी आणि पेट्या मोजत ते पेन्शनीत गेले. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं नाही, पण भाकर वाटून खाणं टाकलं. ते मला लागलं. अजून लागतं. कारण ते नवं समन्स उरकुड्याला द्यायला गेलो होतो मी.

खोटं कशाला सांगू, मलाही सोपं गेलं नाही. वाटभर तो कागद पडशीत जड वाटत होता. वस्तीच्या तोंडाशी उरकुडा उभा होता. त्यानं दुरून जोहार केला आणि धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून धरला, म्हणजे मी वरून कागद टाकावा. त्याच्या मते त्यानं माझी सोय केली होती.

मी म्हटलं, "हात पुढं कर."

"ठेवा न खाली, साहेब. मी उचलतो."

"खाली ठेवलं तर तुही केस पुन्हा बुडते गा. हात पुढं कर."

त्यानं सोगा सोडला, हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि पुढे केले. डफड्याच्या काडीनं घट्टे पडलेले हात. मी कागद दिला. बोटं लागली. आभाळ होतं तिथेच होतं. मी त्याला समजावलं की हा कागद तुझ्या नावाचा आहे, तो मालगुजाराकडे न्यायचा नाही, या तारखेला कोर्टात यायचं आणि आपलं म्हणणं सांगायचं.

त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "माह्या नावाचा? माहं नाव कुठं हाये यात?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं तिथे आपलं बोट ठेवलं आणि पारबतीला हाक मारली. ती आली, तिनंही पाहिलं. वाचता दोघांनाही येत नव्हतं. पण ते बराच वेळ पाहत होते, आणि मला निघवेना.

त्याच हंगामात मला पुन्हा सिव्हिल लाइन्समध्ये जावं लागलं, त्याच बंगल्यात. साहेबाच्या मोटारीनं एका टांगेवाल्याच्या घोड्याचा पाय मोडला होता आणि टांगेवाल्यानं दावा लावला होता. साहेब व्हरांड्यात संत्रं सोलत बसला होता. खानसामा तबक घेऊन आला. मी पायरीवरून म्हटलं की कागद साहेबांच्या हातात द्यावा लागेल. खानसामा मला डोळ्यांनी दटावू लागला. साहेब न बघता म्हणाला, "उधर रखो."

मला आपल्या कामाची नव्यानंच घमेंड आलेली. मी म्हटलं, "हुजूर, हाथ में देने का हुकुम है. बडे जज साहब का. किसी भी जात का हो, किसी भी रंग का हो." शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. ते मी माझ्या पदरचं बोललो नव्हतो, निकालातच होतं, पण बोलताना मला फार गोड लागलं.

साहेबानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग उठला, पायरीपर्यंत आला आणि हात पुढे केला. हाताला संत्र्याचा रस होता. सही घेऊन परत न्यायच्या प्रतीवर त्याच्या अंगठ्याचा चिकट पिवळा डाग पडला. कचेरीत परत आल्यावर नाझरसाहेबांनी डाग पाहून विचारलं, हे काय? मी म्हटलं, साहेब, पोचल्याची खूण. एका कोतवालाच्या नावानं झालेला निकाल एका गोऱ्या साहेबाला खुर्चीतून उठवतो, हे मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी मी सिव्हिल लाइन्सपासून शहरातल्या महाल भागापर्यंत शीळ घालत आलो.

उरकुड्यावरचा दावा मग पहिल्यापासून चालला. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं, की रिवाज खरंच अनादि आहे का. रिवाज कोर्टात सिद्ध करायचा म्हणजे म्हातारी माणसं आणायची आणि त्यांच्याकडून वदवायचं की आमच्या बापजाद्यांपासून असंच चालत आलं. मालगुजारानं गावातले सगळ्यात म्हातारे कुणबीबाबा आणले. बाबांनी सांगितलं की कधीच कोणा महारानं त्या विहिरीला हात लावलेला नाही. मी त्या दिवशी कोर्टाच्या दारात पुकाऱ्याला उभा होतो. पारबती व्हरांड्यात बसली होती. बाबांचं ऐकून तिनं पदर तोंडावर घेतला.

वकीलसाहेबांनी उलटतपासणीत एवढंच विचारलं की बाबा, विहीर खोदली कधी. बाबा म्हणाले, मोठ्या दुष्काळानंतर. कोणी खोदली? सरकारनं काम काढलं, साऱ्या गावानं खोदली, मीही टोपल्या उचलल्या. खाली खोदायला कोण उतरायचं? त्यांना मालगुजाराकडे पाहावंसं वाटलं असेल, पण ते म्हातारे शपथेला भिणारे होते.

"खाली महारच उतरत. दुसरं कोन उतरते? पानी लागलं तवा खाली याचाच बाप होता, या उरकुड्याचा. त्यानंच वरते ओरडून सांगतलं, पानी गोड हाये म्हून. तवा आमी साऱ्यायनं नारळ फोडला."

बाबांना आपण काय बोललो ते बहुधा कळलंही नाही. ज्या विहिरीचा रिवाज अनादि म्हणत होते ती साक्षीदारापेक्षाही लहान होती, आणि तिचं पहिलं पाणी ज्यानं चाखलं त्याच्याच पोराला मनाई होती. मी उरकुड्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. बाप तो लहान असतानाच गेला होता. तो पायांकडे पाहत उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

दावा फेटाळला गेला. जज्जांनी आणखी एक ओळ लिहिली, की ज्या विहिरीवर मनाईची दवंडी झाली त्याच विहिरीवर मनाई उठल्याची दवंडी व्हावी. ते काम माझ्याकडे आलं.

तिथे जाण्याआधी पुढची हकीकत सांगून टाकतो, म्हणजे मला शेवट गोड करता येईल. वर्ष दोन वर्षांत मालगुजारानं आपल्या परसात नवी विहीर खोदली आणि गावानं तिकडे पाणी भरायला सुरुवात केली. कौन्सिलची विहीर महारवाड्याकडे राहिली. म्हणजे कोर्टानं एक विहीर सगळ्यांची केली आणि गावानं तिच्या दोन केल्या. कोर्टाचा कागद हातात देता येतो, पण लोकांना एका काठावर उभं करता येत नाही, हे मी तेव्हा शिकलो. वकीलसाहेब पुढे मोठे झाले. उरकुड्याच्या केसबद्दल विचारलं की म्हणत, हरलो असतो तर बरं वाटलं असतं इतका राग येतो. मला तसं वाटत नाही. झिऱ्याचं पाणी पिऊन कोणी हे म्हटलं असतं तर ऐकलं असतं.

तर दवंडीचा दिवस. मी गाडीतून उतरून बांध्यांमधून गावात पोचलो. पावसाळा नुकताच सरलेला, धान निसवायला लागलेलं, सगळीकडे तो कच्च्या तांदळाचा वास. तो वास आला की मला अजून ते गाव आठवतं. विहिरीवर पाहतो तर रहाटाची दोरी काढून नेलेली, बादली नाही. गावातली दारं बंद. मला बंद दारांची सवय होती.

उरकुडा डफडं घेऊन आला. मी मजकूर सांगत गेलो आणि तो तेच मोठ्यानं ओरडत गेला, की कोर्टाचा हुकूम झाला हो, मनाई उठली हो, ही विहीर साऱ्यांची हो. आवाज घराघरांवर आदळून परत येत होता. माझं काम तिथे संपलं. साक्षीदार मिळाले नाहीत म्हणून मी वस्तीतल्याच दोघांचे अंगठे घेतले आणि पडशी आवरू लागलो.

पारबती विहिरीच्या जोत्याखाली घागर घेऊन उभी होती. तिनं रहाटाकडे पाहिलं, मग माझ्या पडशीकडे.

"साहेब, तुमच्याजोळ दोरी हाये म्हनते."

माझ्या दोरीची कीर्ती तिथवर पोचली होती हे मला माहीत नव्हतं. मी लोटा आणि दोरी काढली आणि तिच्या हातात दिली. खाली ठेवली नाही. ती जोत्यावर चढली, दोरी सोडली. वडिलांच्या मागाचं सूत सरसर आत गेलं. लोटा बुडाल्याचा आवाज आला. तिनं वर ओढला, घागरीत ओतला, पुन्हा सोडला, पुन्हा ओतला. घागर भरली. मग शेवटचा लोटा तिनं नवऱ्यासमोर धरला. त्यानं ओंजळीनं पाणी प्यायलं आणि डोळे पुसले.

लोट्यात अर्धं पाणी उरलं होतं. तिनं तो परत मला देण्याआधी पाणी ओतून टाकायला हात तिरपा केला. तिला वाटलं, मला रिकामाच हवा असेल. मी म्हटलं, राहू द्या, मी चालून आलोय. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणा गावात माझ्या हाती कोणी पाणी दिलेलं ते पहिलं. मी ते उभ्यानं प्यालो. घरी आईनं पुढे तो लोटा स्वैपाकघरात येऊ दिला नाही, तो बाहेरच्या खुंटीला राहिला. आता तो माझ्या उशाशी असतो.

मी निघालो. वेशीपर्यंत गेलो असेन, तर मागून पुन्हा डफडं वाजलं. मी थांबलो. मी दुसरी कोणतीही दवंडी सांगितलेली नव्हती, कोर्टाच्या कागदात आणखी मजकूर नव्हता. मागे वळून पाहिलं तर उरकुडाजी विहिरीच्या काठावर उभे होते, तोंड बंद दारांकडे, मान वर. डफड्यावर दोन थापा मारून ते ओरडले,

"ऐका हो, पानी गोड हाये हो."